आपला उंट, त्यांचा हत्ती

रात्री दीडला फोन वाजला तर आमच्याकडे आता कोणी दचकत नाही. सालामान्कात तेव्हा दहा वाजलेले असतात, आणि जूनमधल्या स्पेनात दहा म्हणजे दिवेलागण. त्यामुळे आपण मध्यरात्री कोणाला उठवतोय, याचा भाचीला पत्ता नसतो. त्यातला एक फोन असा सुरू झाला : "मामा, झोपला नाहीस ना? अरे, हे लोक उंटाला हत्ती म्हणतात!"

ती तिथे स्पॅनिशमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेत होती. वर्ष संपत आलं होतं, परतीचं तिकीट जुलैच्या पहिल्या आठवड्याचं होतं. प्रबंधिका द्यायची, खोली सोडायची, अनामत परत मिळवायची, वर्षभराचा पसारा तेवीस किलोंत बसवायचा. या धबडग्यात बाईंना सुचलं काय, तर घरमालक आजोबांबरोबर रोज संध्याकाळी बुद्धिबळ. आणि मी पडलो निवृत्त मुद्रितशोधक. शब्दाचं वळण कुठे चुकलं की मला झोप येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे. तेव्हा दीड वाजता मी उठून हाटकेशच्या आमच्या दोन खोल्यांतला दिवा लावला आणि कोश काढून बसलो.

आपण ज्याला उंट म्हणतो, त्या मोहऱ्याचं स्पॅनिश नाव 'आल्फिल'. त्यातलं 'आल' हे अरबीचं शेपूट, खरं म्हणजे शिंग, कारण ते पुढे लागतं. उरला 'फील', म्हणजे हत्ती. अरबीत 'प' नाही, म्हणून फारसीतल्या 'पील'चा तिथे 'फील' झाला. हा पील आपल्याला परका नाही. जुन्या कागदपत्रांत पीलखाना येतो, तो हत्तींचाच. अरबांच्या डावात हत्ती घोड्याच्या शेजारी उभा असे. आपल्याकडे तो सरकत कोपऱ्यात गेला, जिथे मुळात रथ होता, आणि त्याच्या रिकाम्या जागेवर उंट येऊन बसला. म्हणजे आजोबांचं बरोबर आहे. हत्ती जागचा हलला तो आपल्याकडे.

खेळाच्या नावाची गंमत त्याहून मोठी. स्पॅनिशमध्ये बुद्धिबळाला 'आहेद्रेथ' म्हणतात. हा 'ह' घशातून खरवडून काढलेला. आता हा आहेद्रेथ ऐकून कोणाला चतुरंग आठवेल? पण तो चतुरंगच आहे. हत्ती, घोडे, रथ, पायदळ अशा सेनेच्या चार अंगांवरून नाव पडलं चतुरंग. इराणात त्याचं झालं चत्रंग, अरबीत शतरंज, आणि अरब स्पेनात गेले तेव्हा त्यांच्याबरोबर हा पटही गेला. जुन्या स्पॅनिशमध्ये त्या शब्दात अजून 'श' ऐकू येत होता. सोळाव्या-सतराव्या शतकात त्या भाषेतल्या या 'श'नं घशाची वाट धरली आणि त्याचा खरखरीत 'ह' झाला. एक सुटला नाही. 'शाह'चा 'हाके' झाला, म्हणून आपला 'शह-मात' तिथे 'हाके माते'. 'शराब'चं झालं 'हाराबे'. शेजारच्या पोर्तुगीजांनी मात्र आपला 'श' जपला. सिंधूचा हिंदू करणाऱ्यांची आठवण येते खरी, पण तो घाट वेगळा, हा वेगळा.

'हाराबे'ची भाचीकडे स्वतंत्र कथा आहे. हिवाळ्यात तिला खोकला झाला. औषधाच्या दुकानातल्या बाईंनी एक बाटली पुढे केली आणि म्हणाल्या, हा हाराबे रोज तीनदा घे. हाराबे म्हणजे औषधी पाक, आपण ज्याला सिरप म्हणतो ते. अरबीत 'शराब' म्हणजे मुळात नुसतं पेय, जे प्यायलं जातं ते. त्याच धातूतून सरबत आलं. स्पेनात शराब खोकल्यावर गेली आणि आपल्याकडे ती कुठे गेली, हे सांगायला नको. हा कुळवृत्तांत मी फोनवर सांगितला तेव्हा मागून तिची आई (माझी बहीण, शेजारच्याच इमारतीत राहते) ओरडली, "अरे, पोरीला काय सांगतोयस!"

बुद्धिबळाच्या बाबतीत आपण एक केलं, ते मला जरा खटकतं. नाव आपलं, पण ते जगभर पाठवून आपण घरात 'बुद्धिबळ' म्हणत बसलो. शब्द छानच आहे, तक्रार नाही. पण चतुरंग टिकला तो असा, आहेद्रेथच्या पोटात. त्यातून भाचीचं गावही साधं नाही. छापील स्वरूपात आज उरलेलं बुद्धिबळाचं सर्वांत जुनं पुस्तक सालामान्कातच छापलं गेलं, १४९७ च्या सुमारास. लेखक लुसेना, तिथलाच विद्यार्थी. डावातली राणी नुकतीच पटभर धावायला लागली होती, त्या दिवसांतलं ते पुस्तक. आपल्या पटावर त्या जागी अजून वजीरच उभा आहे.

आणि प्यादं? स्पॅनिशमध्ये 'पेओन'. लॅटिनमध्ये पाऊल म्हणजे 'पेस', रूप चालवलं की 'पेद'. त्यावरून पायी चालणारा तो पेओन. फारसीतला 'पियादा'ही पायी चालणाराच, आपल्या 'पद'चा सख्खा भाऊ. इथवर नातं दूरचं. पण पोर्तुगीजांनी आपल्या हिशेबानं याच शब्दाला 'पेआंव' केलं, तो इंग्रजांनी हिंदुस्थानात उचलला, आणि सरकारी कचेरीत दाराबाहेर स्टुलावर बसवला. तो आपला प्यून. म्हणजे मराठीत प्यादं आणि प्यून हे एकाच पायाचे दोन ठसे. एक इराणातून आलेला, दुसरा लिस्बनहून, आणि दोघांनाही पुढे पाठवायचं काम साहेबाचं.

इथे सावधगिरीची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी संध्याकाळी चार म्हातारे बसतात, त्यांतला मी एक. मी चतुरंगाची गोष्ट सांगितली आणि एका मित्रानं लगेच मांडी थोपटली : सगळ्या भाषा आपल्यातूनच निघाल्या! पुरावा म्हणून स्पॅनिश 'रेय' म्हणजे राजा, हा 'राय'च नाही का? योगायोगानं हे नातं खरं निघालं, पण तो सांगतो तसं नाही. रेय लॅटिनमधून आला, राय संस्कृतातून, आणि दोघांचा आजा एकच, लॅटिनहून आणि संस्कृताहून जुना. मग त्यानं भाचीनं पाठवलेला एक फोटो पाहिला. सालामान्काच्या विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवर कोरलेल्या कवटीवर एक बेडूक बसलाय. तो कोणी न दाखवता शोधला तर विद्यार्थी परीक्षेत पास होतो, असं तिथे मानतात. बेडकाला स्पॅनिशमध्ये 'राना' म्हणतात. "राणाच तो," मित्र म्हणाला. मी हात जोडले.

नुसत्या आवाजावर गेलं की असं होतं. 'कासा' म्हणजे घर, त्याचा 'कसा'शी संबंध नाही. 'नादा' म्हणजे काहीही नाही, त्यात नाद नाही. 'ओय' म्हणजे आज, होय नव्हे. उलट बाहेरून अगदी अनोळखी दिसणारे शब्द कधी सख्खे निघतात. वर्षाच्या सुरुवातीला घरमालक आजोबांनी खोलीची किल्ली भाचीच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "ला यावे." तिला वाटलं, हे मराठीत 'यावे' म्हणताहेत! तो योगायोग. पण त्या 'यावे'चं खरं नातं आपल्या चावीशी आहे. लॅटिन मूळ 'क्लाविस'. शब्दारंभीच्या 'क्ल'चा पोर्तुगीजमध्ये 'श' झाला, आधी तो 'च' होता. स्पॅनिशमध्ये त्याचा 'ल्य' आणि आता बहुतेक ठिकाणी 'य' झाला. म्हणून इकडे चावी, तिकडे यावे. हे एकाच शब्दात घडलं असतं तर मी मानलं नसतं. पण पावसाचंही तेच : 'प्लुविया'चा पोर्तुगीजमध्ये 'शुवा', स्पॅनिशमध्ये 'युविया'. भरलेल्याचंही तेच, हाक मारण्याचंही तेच. रांगेनं एकाच वळणानं गेलेले शब्द दिसले की मग सोयरीक जोडावी.

चावी आपल्याकडे आली ती पोर्तुगीजांच्या खिशातून, आणि त्यासाठी मला लांब जावं लागत नाही. हाटकेशहून रिक्षा केली तर घोडबंदरचा किल्ला हाकेच्या अंतरावर. भाईंदरच्या पश्चिमेला उत्तनजवळ चौकला धारावीचा किल्ला, आणि खाडीपलीकडे वसई. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. मधली दोनशे पाच वर्षं या खाडीच्या दोन्ही काठांवर कुलपं, किल्ल्या, लिलाव, पगार, तुरुंग सगळं पोर्तुगीज तोंडानं चालत होतं. पण भाचीला सगळ्यांत जास्त चकित केलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. १५८० ते १६४० अशी साठ वर्षं पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचा राजा होता. म्हणजे तेवढा काळ आमच्या या घोडबंदरचा धनी माद्रिदच्या दरबारात बसत होता! तरी आपल्या तोंडी 'यावे' आली नाही, चावीच राहिली. कारण राजा बदलला तरी वसईचा कारभारी, कारकून आणि पाद्री पोर्तुगीजच होते. भाषा गादीवरून उतरत नाही, ती कचेरीच्या ओट्यावरून पसरते.

या शब्दांची पहिली नीट मोजदाद आपल्याच माणसानं केली आहे. गोव्यातल्या आसगावचे पाद्री सेबाश्तियांव रोदोल्फो दाल्गाद यांनी आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा ग्रंथ १९१३ मध्ये कोईंब्राला प्रसिद्ध केला. त्यातून आपलं घर फिरून पाहावं. बादली, परात, घमेलं, इस्त्री, फीत, पाव, कोबी. 'पगार' तर स्पॅनिशमध्येही जसाच्या तसा आहे, फक्त तिथे ते क्रियापद आहे, पैसे चुकते करणे. भाची म्हणते, पहिल्यांदा दुकानात गल्ल्यावरची मुलगी 'पगार' म्हणाली तेव्हा मला वाटलं, ही माझा पगार विचारतेय. लॅटिनमध्ये मूळ अर्थ शांत करणे, समजूत घालणे. घेणेकरी दारात येऊन ओरडायला लागला की पैसे देऊन त्याला शांत करायचं, यावरून. महिन्याच्या एक तारखेला घरोघरी काय होतं ते पाहता लॅटिन लोकांना संसार कळला होता असं म्हणावं लागेल.

बटाट्यानं मात्र तिला फसवलं. गेल्याच्या पहिल्या महिन्यात संकष्टी आली. आईनं सांगितलं, बटाट्याचा कीस कर. स्पेनात बटाट्याला 'पाताता' म्हणतात हे तिला माहीत होतं, पण भाजीच्या दुकानात 'बाताता' अशी पाटी दिसली आणि माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. दोन किलो घेतले. घरी येऊन सोलले तर रताळी! चूक तिची नव्हे. कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या भाषेत 'बाताता' म्हणजे रताळंच. बटाटा दक्षिण अमेरिकेच्या डोंगरातला, त्याचं केचुआ भाषेतलं नाव 'पापा'. स्पेनमध्ये या दोन नावांची गल्लत होऊन 'पाताता' झाला. पोर्तुगीजांनी रताळ्याचं नाव सरळ बटाट्याला लावलं आणि तेच आपल्याला दिलं. म्हणजे आपण गेली कित्येक वर्षं बटाट्याला रताळं म्हणतोय. उपवासाला दोन्ही चालत असल्यानं कुणाचं अडलं नाही.

पण उपवासाचं ताट एकदा नीट पाहा. बटाटा, रताळं, मिरची, दाणे, आणि ज्या टॅपिओकाच्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा होतो तो कंदसुद्धा, सगळे समुद्रापलीकडून, अमेरिकेतून आलेले. सोवळ्यात शिरले, तेही गाजावाजा न करता. दाण्यांचं नाव मला फार आवडतं. मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेत शेंगदाण्याला जे म्हणत, त्याचा अर्थ 'जमिनीतला काकाओ'. त्याचंच घासून झालेलं रूप आजचं स्पॅनिश 'काकावेते'. आणि आपण? भुईमूग! जमिनीतला मूग. तिकडच्या शेतकऱ्यानं आणि इकडच्या शेतकऱ्यानं एकमेकांना कधी पाहिलं नाही. शेंग उपटली, हातातली माती झटकली, आणि दोघांच्या मनात एकच आलं : हे आपल्या ओळखीचं काहीतरी आहे, पण मातीतलं.

तसंच मिरचीचं. आपल्याकडे आधी होती मिरी, संस्कृत मरीच. अमेरिकेतून तिखट फळ आलं, ते मिरीसारखं झोंबलं म्हणून त्याला मिरचीच म्हटलं. स्पॅनिश लोकांनी काय केलं? मिरी त्यांची 'पिमिएंता', म्हणून नवं फळ 'पिमिएंतो'. शेवटच्या आठवड्यात भाचीनं विचारलं, तुम्हा सगळ्यांना काय आणू? मी म्हटलं, ला वेराचं पिमेंतोन आण. हा सालामान्काच्या दक्षिणेचा भाग, तिथे लाल मिरच्या ओकच्या लाकडाच्या धुरावर वाळवून कुटतात. बहीण म्हणाली, "परदेशातून तिखट? इथे काय कमी आहे का?" तिचं म्हणणं चुकीचं नाही. तरी डबा बॅगेत गेला, आणि त्याला जागा करायला दोन शब्दकोश पोस्टानं पाठवायला लागले. पोस्टाचा खर्च कोशांच्या किमतीपेक्षा जास्त, पण कोश टाकून ये म्हणण्याचं धाडस मला झालं नाही.

तिची प्रबंधिका याच धांदलीत पुरी झाली. प्रबंधिकेच्या स्पॅनिश नावातला पहिला शब्द 'त्राबाहो', काम. त्याचं मूळ 'त्रिपालियुम', तीन खांबांचं, माणसाला बांधून छळायचं साधन. हे तिला मी मुद्दाम सादर करायच्या आदल्या दिवशी सांगितलं. शिवी दिली तिनं, पण स्पॅनिशमध्ये, त्यामुळे मला लागली नाही. त्या विद्यापीठाची स्थापना १२१८ ची. आठशे वर्षांत तिथे गरीब पोरं कशी शिकली असतील? मठांच्या दारात मिळणाऱ्या सुपावर जगणाऱ्या विद्यार्थ्यांना 'सोपिस्ता' म्हणत. गळ्यात गाणं आणि जवळ लाकडी चमचा. त्यांच्याच गाण्याबजावण्यातून आजची 'तुना' नावाची विद्यार्थ्यांची पथकं आली, असं सांगतात. आपल्याकडे वार लावून जेवणारे आणि माधुकरी मागणारे होते. 'वार' हा शब्द आता इतका विसरला गेलाय, की भाचीला सांगताना मला सोमवार-मंगळवारपासून सुरुवात करावी लागली : सोमवारी या घरी जेवायचं, मंगळवारी त्या. तिला सोपिस्ता माहीत होता, वार नव्हता. याचं मला जरा वाईट वाटलं, मग वाटलं, निदान सोपिस्ताच्या निमित्तानं तरी कळला.

आमच्या हाटकेशचंही तिनं विचारलंच. तिथल्या मैत्रिणींना पत्ता लिहून देत होती, एकीनं अर्थ विचारला. रिक्षावाले सांगतात, हाट म्हणजे बाजार. ते ऐकायला सोयीचं आहे, पण 'हाटक' म्हणजे सोनं, आणि हाटकेश हे शंकराचं नाव. भागवताच्या पाचव्या स्कंधात वितल नावाच्या पाताळात हाटकेश्वर भवानीसह राहतो, तिथे हाटकी नदी वाहते आणि तिच्यापासून हाटक नावाचं सोनं होतं. गुजरातेत वडनगरला त्याचं मोठं देऊळ, नागर ब्राह्मणांचं ते कुलदैवत. हे सगळं ऐकून भाची गप्प. मग म्हणाली, "मामा, सालामान्काला इथे 'ला दोरादा' म्हणतात. सोनेरी." विल्यामायोरच्या खाणीतल्या दगडानं बांधलेलं गाव ते, उन्हं कलली की भिंती सोन्यासारख्या दिसतात. आमच्याकडे उन्हं कलली की मेट्रोच्या खांबांची सावली पडते. असो, नावात तरी सोनं आहे.

निघायच्या दोन दिवस आधी आजोबांशी शेवटचा डाव झाला. कोण हरलं ते ती सांगत नाही, यावरून मी अंदाज बांधला आहे. दुसऱ्या दिवशी तिनं किल्ल्या परत केल्या. निरोप घेताना तिच्या तोंडून सवयीनं मराठीतच गेलं, "येते हं." आजोबांनी अर्थ विचारला. तिनं सांगितला, तर ते गोंधळले. निघाली आहेस आणि 'येते' म्हणतेस? त्यांच्या भाषेत याच्या नेमकं उलट आहे. आतल्या खोलीतून कोणी हाक मारली तर आपण 'आले' म्हणतो, भूतकाळात, अजून जागचं उठलेलंही नसताना. स्पॅनिश माणूस म्हणतो 'या वोय', म्हणजे शब्दशः 'निघालो, जातोय'. कारण त्याच्या बोलण्यात 'येणे' हे बोलणाऱ्याकडेच असतं. स्वतः दुसऱ्याकडे जायचं तर तो जातोच, येत नाही. बिचारी वर्षभर हाकेला 'बेंगो', म्हणजे 'येते', असं उत्तर देत होती, आणि कोणी तिची चूक दुरुस्त केली नव्हती. आजोबांनी ते त्या दिवशी, दारात, सांगितलं. शिक्षक असते तर पहिल्या दिवशी सांगितलं असतं, पण घरमालक होते.

परवा सकाळी माद्रिदच्या विमानतळावरून फोन आला. समोर 'आदुआना' अशी पाटी आहे म्हणाली. म्हटलं, जकात कचेरी ती. तुझ्या दिवाणखान्यातला दिवाणच अरबस्तानमार्गे तिथे जाऊन बसलाय. तेवढ्यात पलीकडे विमानाची घोषणा झाली. मी आमच्याकडे आलेल्या बहिणीला हाक मारली, "अगं ये, पोरगी निघतेय." तिचे हात कणकेत. स्वयंपाकघरातून ओरडली, "आले, आले!" आणि कणीक मळतच राहिली. फोनमधून भाची हसली आणि म्हणाली, "या वोय, आई."